नव्या घरातली पहिली रात्र

बालमित्रांनो, बाबांची बदली झाली, नव्या गावी सामान लागलं. पण रात्री झोप काही येत नाही. टाकीत पाणी पडलं तरी दचकायला होतं. मग तुम्ही भित्रे का? मुळीच नाही!

अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली मोठ्या माणसांची झोप तपासली. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपलीच नाही. जणू पहाराच देत होती! पुढच्या खेपेला मात्र तीही निवांत झोपली.

तेव्हा या पहारेकऱ्याला घराची ओळख करून द्या. कुठला आवाज कुठून येतो, ते दिवसाउजेडी शोधा. दिव्यांची बटणं पाठ करा. अंथरुणावर जुनीच चादर घाला.

आणि पालकहो, "एवढं काय घाबरायचं?" म्हणू नका. चार रात्री उशाशी बसा.