मुकुट नीरोने दिला, पण आर्मेनिया कोणाचा झाला?

गैरसमज: पार्थियाचा राजा पहिला वोलोगेसेस याला आर्मेनिया गिळंकृत करायचा होता.

वस्तुस्थिती: त्याला तिथली गादी हवी होती, आणि तीही धाकट्या भावासाठी. इ.स. ५१ च्या सुमारास तो राजा झाला. पाकोरस या भावाला मीडिया मिळालं होतं, धाकट्या तिरिदातेससाठी त्याने आर्मेनियाकडे नजर वळवली. पार्थियाच्या राजघराण्यात भाऊबंदकीने कितीतरी राजे बुडाले होते. भावांना असं राज्य वाटून देणं हे मोठं शहाणपण होतं.

गैरसमज: रोमन सैन्यापुढे पार्थियाचा निभाव लागला नाही.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं. आर्मेनियाच्या गादीवर रोमलाही आपलाच माणूस हवा होता. रोमन सेनापती कॉर्बुलोने ५८ मध्ये आर्मेनियाची राजधानी आर्ताक्साता घेऊन जाळली. पुढे रोमने तिग्रानेस हा आपला माणूस गादीवर बसवला. तेव्हा वोलोगेसेस हर्केनियातलं बंड मोडण्यात गुंतला होता. पण तिग्रानेसने पार्थियाच्या मांडलिक आदियाबेनवर स्वारी केली, तेव्हा मात्र वोलोगेसेसने भर सभेत तिरिदातेसच्या मस्तकी राजचिन्ह बांधलं. ६२ मध्ये रँदेयाजवळ पाएतसच्या रोमन फौजेला त्याने असं कोंडलं की तिला आर्मेनिया सोडून जाण्याची अट मान्य करावी लागली.

गैरसमज: ६६ मध्ये तिरिदातेस रोममध्ये सम्राट नीरोपुढे गुडघे टेकून बसला, म्हणजे रोम जिंकला.

वस्तुस्थिती: सगळ्यात चिवट गैरसमज हाच, कारण तो सोहळा होताच डोळे दिपवणारा. कॉर्बुलोशी ६३ मध्ये ठरलं ते असं: राजा पार्थियाच्या घराण्यातला, मुकुट रोमच्या हातून. तिरिदातेस सुमारे तीन हजार घोडेस्वार घेऊन निघाला, नऊ महिने खुश्कीने प्रवास केला आणि सगळा खर्च रोमच्या खजिन्याने उचलला. वोलोगेसेसने आधीच बजावलं होतं, की माझ्या भावाला तलवार उतरवायला लावू नका, दारात ताटकळत ठेवू नका. नीरोपुढे जातानाही तलवार त्याच्या कमरेलाच राहिली, फक्त म्यानात खिळ्यांनी पक्की केलेली. परतताना जळालेलं आर्ताक्साता पुन्हा बांधायला नीरोनेच पैसा दिला. वोलोगेसेसला स्वतःलाही वारंवार आमंत्रणं गेली, पण तो रोमला गेला नाही.

माझ्या मते रोमला मिरवणूक मिळाली आणि पार्थियाला राज्य. पार्थियाचं साम्राज्य २२४ मध्ये संपलं. तिथल्या अर्सासिद राजघराण्याची आर्मेनियातली शाखा मात्र, मधले खंड सोडता, ४२८ पर्यंत राज्य करत होती.