बिबट्या वस्तीत शिरल्यास : गावदलाचे शिक्षण

कृष्णा व कोयना यांच्या पाण्यावर सातारा-सांगलीकडे उसाची लागवड वाढली आणि तिच्याबरोबर बिबट्याचा वावर डोंगर उतरून शिवारात आला. कराड, पाटण, शिराळा व वाळवा या तालुक्यांतील बागायतदारांस हे नव्याने सांगावयास नको. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस हा त्यास दाट आसरा आहे. भटकी कुत्री, डुकरे व शेळ्या हे त्याचे भक्ष्य आहे. मादी उसातच विते व पिले तेथेच वाढविते. सबब, हा प्राणी रानातून वाट चुकून येतो ही समजूत सोडून दिली पाहिजे.

बिबट्या दिसला की त्यास धरून दूर नेऊन सोडावे, अशी मागणी होते. या उपायाचा अनुभव पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात आलेला आहे. तेथे १९९३ ते २००१ पर्यंत माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून अन्यत्र सोडू लागल्यावर २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. परक्या मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरे येऊन राहते. तेव्हा बिबट्यासह राहूनच आपला बचाव करणे प्राप्त आहे.

बिबट्या स्वभावतः माणसास टाळतो. परंतु घरात वा गोठ्यात अडकून गर्दीने घेरला गेला, म्हणजे सुटकेची वाट शोधताना जो आडवा येईल त्यास तो जखमी करतो. मार्च २०२१ च्या अखेरीस तो सांगली शहरात राजवाडा चौकाच्या परिसरात शिरला होता व त्यास भूल देऊन पकडावे लागले. खेड्यात वनखात्याचे पथक पोहोचेपर्यंत काही काळ जातो, आणि अनर्थ घडावयाचा तो बहुधा त्याच अवधीत घडतो. यास्तव प्रत्येक गावाने आठ-दहा धीराच्या माणसांचे दल निवडून वनक्षेत्रपालांकडून त्यास शिक्षण देववावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. दलाचे काम बिबट्या धरणे हे नव्हे. माणसे आवरणे हे होय. त्याची कर्तव्ये येणेप्रमाणे :

१. प्रथम वनखात्यास १९२६ या क्रमांकावर व पोलीस पाटलांस वर्दी द्यावी.

२. लोकांस घरात बसवावे, मुले व कुत्री आत घ्यावीत. दगड, काठी, फटाके व चित्रे काढण्याची हौस यांस सक्त मनाई करावी.

३. जनावर कोंडले गेले असल्यास दार बाहेरून लावून दूर व्हावे. मोकळ्यावर असल्यास शिवाराकडील बाजू रिकामी ठेवावी. रात्री तो त्याच वाटेने निघून जाण्याचा संभव पुष्कळ असतो.

४. विहिरीत पडला असल्यास पथक येईपर्यंत दोरांनी बाज वा फळी खाली सोडून त्यास टेकावयास आधार द्यावा. वर काढण्याची घाई करू नये.

५. भुलीची सुई मारणे हे केवळ पशुवैद्याचे काम. सुई लागताच जनावर पडत नाही; औषध भिनण्यास काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ते धावून येऊ शकते. त्या वेळी पुढे सरणारा मनुष्य स्वतःच्या जिवाशी खेळतो.

६. तोडणीत पिले आढळल्यास तोड थांबवून वनखात्यास कळवावे. पिले त्याच जागी ठेवल्यास मादी रात्री येऊन ती नेते. उचलून नेल्यास ती चवताळून शिवारात फिरते.

बिबट्यास मारणे किंवा परवान्यावाचून पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही दलाने लोकांस समजावावे. जनावर मारले गेल्यास ते जागेवरून न हलविता पंचनामा करवून घ्यावा, म्हणजे भरपाई मिळण्यास अडचण पडत नाही.

शेवटी बागायतदारांच्या पदरी असलेल्या एका जबाबदारीचा उल्लेख करणे अवश्य वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कराड तालुक्यातील येणके येथे ऊसतोड मजुराचे बालक बिबट्याच्या हल्ल्यात बळी पडले. ही माणसे आपला ऊस तोडावयास येतात. त्यांना शिवाराची माहिती नसते. त्यांच्या कोप्या फडापासून दूर, उजेडाच्या जागी घालाव्यात व तोड चालू असता लेकरांवर लक्ष ठेवण्यास एक मनुष्य नेमावा. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच दलाची एक-दोन वेळा कवायत करून घ्यावी. बिबट्या गावात शिरल्यावर शिकविण्यास सवड मिळत नाही.