आपली पंढरपुरी : उसाच्या शेतीला म्हशीची जोड



गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात कोयता चालू लागतो. ऊस वजनकाट्याकडं जातो आणि वाढं दावणीला येतं. पण उसाचं बिल हाती पडायला आधी ऊस वाढावा लागतो. आडसाली लावण केली तर १६ ते १८ महिने वाट बघायची. तोवर पोरांची फी, दवाखाना, मीठ-मिरची कशावर चालते? बहुतेकांच्या घरी ती दुधाच्या बिलावर चालते. म्हणून दावणीला कोणती म्हैस बांधावी हा प्रश्न उसाची कोणती जात लावावी याच्याइतकाच विचार करण्याजोगा आहे.

आम्ही अडीच एकर उसाचे सभासद. आमच्या दावणीला पिढ्यान् पिढ्या पंढरपुरी म्हैस आहे. मध्यंतरी ती विकायला आम्ही निघालो होतो. का निघालो आणि का थांबलो, ते इथं सांगतो.

म्हशीची ओळख

पंढरपुरी म्हैस सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली. लांबट निमुळतं तोंड, उठून दिसणारं नाकाचं हाड, मध्यम अंगलट आणि खांद्याच्या मागं जाणारी लांबलचक शिंगं ही तिची खूण. महाराष्ट्रात नागपुरी, मराठवाडी आणि पूर्णाथडी या आणखी तीन जातींच्या म्हशी आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं या सगळ्यांची रीतसर नोंद आहे.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देण्याची चाल आहे. तिथं पंढरपुरीच शोभते, कारण ती दिवसातून अनेकदा थोडा थोडा पान्हा सोडते. दिवाळीच्या पाडव्याला त्याच शहरात या म्हशी रंगवून, सजवून मिरवतात. हा मान तिनं कामानं मिळवला आहे.

दुधाचं म्हणाल तर एका वेताला साधारण १,५०० ते १,८०० लिटर धरावं. फॅट ७ ते ८ टक्के लागते. मुऱ्हा म्हैस यापेक्षा जास्त दूध देते, हे आम्ही नाकारत नाही. पण मुऱ्ह्याचं अंग मोठं, तिचं पोटही मोठं. ज्याच्याकडं बारमाही हिरवा चारा आहे, पेंड घ्यायला हातात पैसा आहे, त्यानं मुऱ्हा जरूर पाळावी. आपल्यासारख्या दोन-अडीच एकरवाल्यानं खर्च वजा करून काय उरतं ते बघावं. पंढरपुरी चारशे-साडेचारशे किलोची. कडबा-वाढ्यावर निभावते आणि आपल्याकडच्या उन्हाला सोसते.

आमच्या हातून झालेली चूक

एका हंगामात आमच्या शेजारच्या फडात तोड चालू होती. वाढं मुबलक. कडबा महाग म्हणून आम्ही तो घेतलाच नाही. दोन-अडीच महिने गाभण म्हशीपुढं नुसतं वाढं टाकलं. म्हैस दिसायला टुमटुमीत होती. माघात ती तिसऱ्यांदा व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसली ती उठेचना. कान गार पडलेले, मान कुशीकडं वळवलेली. घरात रडारड झाली.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी शिरेतून कॅल्शियमचं सलाईन सावकाश सोडलं. दुपारपर्यंत म्हैस उभी राहिली. जाताना त्यांनी गव्हाणीत बघून विचारलं, "हिला नुसतं वाढंच घालता व्हय?"

कारण त्यांनीच समजावून दिलं. वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं, मग जनावराच्या अंगी ते लागत नाही. व्याल्यावर दुधावाटे एकदम कॅल्शियम बाहेर पडायला लागलं की अंगात तुटवडा येतो आणि जनावर बसतं. यालाच दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो, उलट अंग गार पडतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, तडक डॉक्टरला बोलवावं. तासा-दोन तासाचा उशीर म्हशीच्या जिवावर बेततो.

तेव्हापासून आमच्या गोठ्यात नेम ठरला. वाढं घालायचंच, पण कुट्टी करून आणि त्यात कडबा मिसळून. जोडीला लसूणघास नाहीतर चवळीचा पाला. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम द्यायचं. आंबोण दुधाच्या हिशेबानं, दोन लिटरमागं एक किलो, आणि अंग राखायला वर एक-दीड किलो. लसूणघासाला बांधाकडेचे चार गुंठे काढून ठेवले. उसाचे चार गुंठे गेले म्हणून आम्ही कुरकुरलो, पण ते चार गुंठेच आता गोठा सांभाळतात.

म्हैस विकायला काढली तेव्हा

त्या दुखण्यानं त्या वेताला दूध घटलं. आमचं मन उडालं. बाजारातला एक व्यापारी पंढरपुरी घेऊन वर पैसे घ्या आणि मुऱ्हा न्या म्हणत होता. दावं सोडायचं तेवढं राहिलं होतं. तेव्हा आईनं विचारलं, "वाढं तुम्ही घातलं, आणि दोष म्हशीचा?" मग तिनंच बसून हिशेब घातला. मोठ्या म्हशीला महिन्याला पेंडीची पोती किती, चारा किती, तो विकत किती. उसाचं बिल यायच्या आधीच्या महिन्यांत हे पैसे कुठनं आणायचे, याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. म्हैस राहिली. पुढच्या वेताला ती पूर्ववत दुधावर आली. त्या माघात झालेली वगार आज आमच्या दावणीला दुभती आहे.

रेड्याचा प्रश्न

आता खरी काळजी दुसरीच आहे. गावात पूर्वी एखादा तरी जातिवंत रेडा असायचा. आज तो पोसायला कुणी तयार नाही. म्हैस माजावर आली की फोन करायचा आणि जी कांडी मिळेल ती भरायची, असं चाललंय. अशानं दोन पिढ्यांत शिंगं आखूड, अंग जड आणि पंढरपुरी नुसती नावाला, अशी गत होईल. एकदा वाण मोडला की तो बाजारात विकत मिळत नाही. उसाचं बेणं बिघडलं तर नवं आणता येतं, इथं तशी सोय नाही.

तेव्हा कृत्रिम रेतन करताना पंढरपुरीचीच कांडी हवी असं आधी सांगून ठेवावं आणि भरल्याची तारीख लिहून ठेवावी. म्हशीचा माज मुका असतो, बहुधा रात्री नाहीतर पहाटे दिसतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दर २१ दिवसांनी लक्ष ठेवावं. गाभण राहिली की दहा महिने दहा दिवस मोजावेत आणि शेवटचे दोन महिने दूध आटवून तिला विसावा द्यावा. चांगल्या म्हशीची पहिली वगार विकू नये. दहा-बारा घरांनी मिळून एक रेडा पोसला तर एकट्यावर भार पडत नाही. मात्र त्याच्याच लेकींवर तोच रेडा घालू नये, वेळेवर बदलावा.

गोठ्यात दोन म्हशींमध्ये अंतर जास्त ठेवावं. लांब शिंगांनी एकमेकींना इजा होते. काळ्या कातडीला ऊन फार लागतं, तेव्हा सावली आणि दुपारी अंगावर पाणी हवंच.

शेण उसालाच जातं, हे वेगळं सांगायला नको. आता कुठं कुठं तोडणी यंत्रं येऊ लागलीत. यंत्रानं तोडलेल्या फडात वाढ्याचे तुकडे होऊन रानातच पसरतात, दावणीला काही येत नाही. तेव्हा वैरणीची सोय आत्तापासूनच बांधाला करावी.

कारखाना आपण भागभांडवल गोळा करून उभा केला. त्याच रीतीनं दहा घरांनी मिळून एक रेडा राखणं काही जड नाही. सभासदांनी आपापल्या गावात यावर बोलावं.