सिलिकॉनच्या घरी उसना दिवा

सिलिकॉनने जगाचा कारभार बदलून टाकला; परंतु या गुणी मूलद्रव्यात एक उणीव जन्मजात आहे. विजेपासून प्रकाश निर्माण करणे त्याला साधत नाही. त्याच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून चिपवर प्रकाश हवा असेल, तर इंडियम फॉस्फाइडसारख्या निराळ्या पदार्थाचा लेसर तिला जोडावा लागतो. तांब्याच्या तारांतून माहिती हलविताना संगणककेंद्रांत किती वीज खर्ची पडते हे पाहिले, म्हणजे या उसन्या दिव्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे ध्यानात येते.

विरल मृत्तिका गटातील एर्बियम येथे उपयोगी पडण्याजोगे आहे. त्याचे अणू सुमारे १.५४ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश देतात आणि काचतंतूंत याच सुमाराचा प्रकाश सर्वांत कमी क्षीण होतो. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक सिद्ध केला. त्याने दूरसंदेशवहनाला नवे बळ दिले. सिलिकॉनमध्ये मात्र एर्बियम फार थोडे मुरते, आणि नेहमीच्या तापमानाला त्याचा उजेड मावळतो.

यावरचा एक मार्ग द्विमितीय पदार्थांचा. २००४ मध्ये मँचेस्टरला ग्राफीन वेगळे करण्यात आले, तेव्हापासून काही अणूंच्या जाडीचे पापुद्रे हा अभ्यासाचा विषय झाला. अशा पापुद्र्याच्या पृष्ठभागावर मोकळे बंध नसतात. त्यामुळे खालच्या स्फटिकाशी त्याची रचना तंतोतंत जुळावी लागत नाही. एर्बियम ऑक्सिक्लोराइडसारख्या थरयुक्त संयुगात एर्बियम ही भेसळ नसून घटकच असतो. अडचणीही आहेत. दाटीने बसलेले अणू ऊर्जा एकमेकांकडे सोपवून वाया घालवितात, आणि इतक्या पातळ थराचा उजेड मंदच असतो. तेव्हा लेसरची जागा हा पापुद्रा उद्याच घेईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

भारताने यातून काय घ्यावे? केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटयुक्त वाळू आहे. 'इंडियन रेअर अर्थ्स' या सरकारी कंपनीची स्थापनाही १९५० सालची. परंतु या खनिजात हलकी मूलद्रव्येच मुख्य असून एर्बियमसारखी जड मूलद्रव्ये अत्यल्प आहेत. निव्वळ वाळूचा अभिमान म्हणूनच कामाचा नाही. सुदैवाने, पापुद्र्याला एर्बियम लागते ते कणभर. दुर्मिळ आहे ती भट्टीतील बाष्पापासून निर्दोष स्फटिक वाढविण्याची विद्या. ती खाणीत सापडत नाही. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जोपासावी लागते. विद्यापीठांतील स्फटिकवाढीच्या कामाला तत्काळ फळाची अट न घालता पैसा पुरविणे, हाच यातील शहाणपणाचा मार्ग होय.