जवसाचा चमचा आणि एलडीएलचा आकडा

उधना-जळगाव रेल्वेने खानदेशातली माणसं सुरतेत आली, पांडेसरा-सचिनच्या कारखान्यांत रुळली, आणि जवसाची चटणीही त्यांच्याबरोबर आली. इकडे गुजरातीत तिची अळशी झाली आणि भाजून, मीठ लावून मुखवासाच्या डबीत बसली. चवीसाठी खाल्ली जात होती तोवर ठीक होतं. आता जो तो ती ‘कोलेस्टेरॉलवर’ खातो आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट दाखवून सांगतो, ‘बघा, उतरलं!’

उतरलं असेल, पण जवसानेच उतरलं हे एका रिपोर्टवरून कळत नाही. २००९मध्ये जवसावरच्या २८ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. दाणे किंवा त्यांची पूड खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे सरासरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास घटलं होतं. ज्यांचं कोलेस्टेरॉल मुळात जास्त होतं त्यांना आणि बायकांना, विशेषतः पाळी गेलेल्यांना, फायदा जरा अधिक. आता दुसरी बाजू पाहा. तुमचं एलडीएल १५० असेल, तर खाण्यापिण्यात काहीही न बदलता ते पाच-दहा टक्के, म्हणजे आठ ते पंधरा मिलिग्रॅम, खालीवर होऊ शकतं. जवसाचा परिणाम या चढउतारातच बुडून जातो.

शिवाय माणूस जवस सुरू करतो ते आकडा वाईट आल्यावर. असा चढलेला आकडा पुढच्या वेळी बऱ्याचदा आपोआप थोडा खाली येतो. थंडीत कोलेस्टेरॉल किंचित वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं. चंदी पडव्याच्या सणाची तुपाळ घारी आणि पुढे उंधियूचे दिवस झाल्यावर जानेवारीत केलेली तपासणी मेमधल्या तपासणीशी ताडली, तर मुखवासाला फुकटचं श्रेय मिळेल. मोठ्या तापानंतर काही आठवडे एलडीएल खोटंच कमी दिसतं, तेही ध्यानात ठेवावं. म्हणूनच संशोधक दोन गट करतात: एकाला जवसाची बिस्किटं, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनजवसाची, आणि कोणाला कोणती मिळाली हे खाणाऱ्यालाही सांगत नाहीत.

घरी करून पाहायचंच असेल तर सुरुवातीला आठवड्याच्या अंतराने दोनदा रक्त तपासा आणि सरासरी धरा. मग सहा-आठ आठवडे फक्त जवस ही एकच गोष्ट बदला आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा दोनदा तपासा. जवस, चालणं आणि तेलबंदी एकदम सुरू केलीत, तर कशाने काय झालं ते देवही सांगू शकणार नाही.

‘जवसाचं तेल प्यायलं तरी तेच,’ असंही म्हणतात. तसं नाही. त्याच २८ चाचण्यांत तेलाने एलडीएल हललं नाही, कारण विरघळणारा तंतू तेलात उतरतच नाही. हा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. मात्र न चावता गिळलेला दाणा बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. तेव्हा दाणे दळा. चटणी कुटणाऱ्या आजीला हे शिकवावं लागलं नव्हतं.

जवसासारखीच मेथीही कोलेस्टेरॉलवर खातात, आणि तिचा दाखला देताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं नाव घेतात. तिथल्या संशोधकांना कोलेस्टेरॉल घटलेलं दिसलं हे खरं. पण १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधुमेही रुग्णांना रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड दिली होती. रात्री भिजवलेली चमचाभर मेथी कुठे आणि हे कुठे!

कोलेस्टेरॉलसाठी बियांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो उत्तर गुजरातेत पिकणाऱ्या आणि ऊंझ्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या इसबगोलाचा. आपण मात्र त्याला बद्धकोष्ठाच्या औषधातच अडकवून ठेवलंय. रोज साधारण १० ग्रॅम भुशीने एलडीएल सरासरी १३ मिलिग्रॅमने घटल्याचं २०१८च्या एकत्रित विश्लेषणात आढळलं. भुशी भरपूर पाण्याबरोबरच घ्यावी, नाहीतर घशात अडकते. इतर गोळ्या आणि भुशी यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं.

चिया? एलडीएलसाठी पुरावा किरकोळ, भाव मात्र तगडा.

राहिला तो सगळ्यांत महागात पडणारा समज: बिया सुरू केल्या, आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद. मध्यम ताकदीचं स्टॅटिन एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरवतं. १५०वर ते निदान ४५ मिलिग्रॅम होतात. जवसाचे सहा त्यात मिळवा, त्यांच्या जागी बसवू नका. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील; चटणी पानात राहू द्या, मीठ बेताचं घालून.