दोन मापांची फरशी

आयुष्यभर इतरांचे ताळेबंद तपासलेल्या माझ्याकडून स्वतःच्या दिवाणखान्याचा साधा हिशेब चुकला. खोली १५ फूट बाय १२, म्हणजे १८० चौरस फूट. दोन फुटी व एक फुटी चौकोनी फरश्या गुंफून चक्राकार नक्षी करावयाची होती. मी दोन्ही मापे निम्मी-निम्मी, ९० चौरस फूट प्रत्येकी, मागविली.

या नक्षीत प्रत्येक मोठ्या फरशीमागे एकच लहान फरशी लागते. नग समान असतात, क्षेत्रफळ नव्हे! चार अधिक एक, अशी पाच चौरस फुटांची जोडी. १८० ला ३६ जोड्या. तोडफोडीसाठी दहा टक्के धरून प्रत्येकी ४० नग पुरले असते. माझ्याकडे मोठ्या २३ आणि लहान ९० आल्या. उरलेल्या मोठ्या पुन्हा आणल्या, तेव्हा खोक्यावरचा शेड क्रमांक निराळा निघाला. खिडकीजवळचा तो फिकट पट्टा घरातील वडीलधाऱ्यांना आजही खुपतो.

नक्षीत दोन लहान फरश्या एका मोठीला लागून येत असतील, तर सांधाही मोजावा. त्या दोघींमध्ये एक सांधा जादा येतो. तो ३ मिलिमीटरचा असला, तरी पाच मोठ्या फरश्यांच्या अंतरात रेषा १५ मिलिमीटरने सरकते. जाडी जुळते का, हेही पाहावे.

यंदा धाकट्या बंधूंच्या दुकानात आम्ही मिस्त्रींकडून प्रथम सिमेंटविना कोरडी मांडणी करून घेतली. दारापाशी अखंड फरशी आणि कापलेले तुकडे मागे, कपाटांखाली. सर्व खोक्यांवरचा शेड क्रमांक पाहूनच बंधूंनी बिल चुकते केले.