‘फक्त आणखी एकच भाग!’

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला आहे. दोन दिवस पुस्तकाला हात लावायचा नाही, असे तुम्ही ठरवले आहे. रात्री जेवण झाल्यावर आवडत्या मालिकेचा एक भाग पाहायला तुम्ही बसता. भाग संपतो, नायक नेमका संकटात सापडलेला असतो. ‘फक्त आणखी एकच!’ असे म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात. विश्रांतीसाठी बसलेले तुम्ही सकाळी थकलेल्या डोळ्यांनी उठता. असे का होते? हा दोष केवळ तुमच्या मनोनिग्रहाचा आहे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण प्रथम बर्लिनला जाऊ या. तेथे १९२८ साली मारिया ओव्‌सियांकिना या संशोधिकेने काही प्रयोग प्रसिद्ध केले. तिने लोकांना कोडी सोडवणे, मातीच्या आकृत्या करणे अशी छोटी कामे दिली आणि ती पुरी होण्याआधीच मध्ये थांबवली. पुढे मोकळा वेळ मिळताच, कोणी सांगितले नसतानाही, बहुतेकांनी अर्धवट काम पुन्हा हाती घेतले! त्याबद्दल कोणतेही बक्षीस मिळणार नव्हते. हाती घेतलेले काम अपुरे राहिले, की ते पुरे करण्याची ओढ मनात शिल्लक राहते, हेच यातून दिसून आले.

मालिका लिहिणाऱ्यांना ही ओढ चांगली ठाऊक असते. म्हणून भागाच्या शेवटी ते जुना प्रश्न सोडवतात आणि लगेच नवा प्रश्न उभा करतात. भाग संपतो, पण गोष्ट संपत नाही.

पूर्वी या ओढीला एक नैसर्गिक बांध होता. दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली. ती रविवारी सकाळी लागे. कितीही उत्सुकता असली, तरी पुढच्या रविवारपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. याउलट १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या अमेरिकन मालिकेचे पहिले तेराही भाग एकदमच उपलब्ध करून दिले. त्यातच पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आली. आता पाहत राहण्यासाठी काहीच करावे लागत नाही. काही करावे लागते ते थांबण्यासाठी!

पण सलग पाहिल्याने आनंद तरी जास्त मिळतो ना? ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून पाहिले. त्यांचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा भागांची एकच मालिका तीन गटांना दाखवण्यात आली. एका गटाने ती सलग पाहिली, दुसऱ्याने रोज एक भाग, तर तिसऱ्याने आठवड्याला एक भाग. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारले, तेव्हा सलग पाहणारा गट सर्वांत पुढे होता. परंतु पुढील काही महिन्यांत याच गटाची आठवण सर्वांत वेगाने ओसरली. शिवाय, आनंद कमी मिळाला असेही याच गटाने सांगितले. प्रयोगातील माणसे थोडी होती. तेव्हा हा शेवटचा शब्द मानू नये. मात्र जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले होते, की पाठांतर एकदम करण्यापेक्षा खंड पाडून केले तर ते कमी श्रमात टिकते.

म्हणजे दोन भागांमधला काळ वाया जात नाही. तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा. ‘रामायणा’च्या दोन रविवारांमध्ये अंगणात धनुष्यबाण घेऊन तोच प्रसंग खेळला जाई, पुढे काय होईल यावर वाद होत. आठवणे, सांगणे, तर्क करणे यांनीच स्मरण पक्के होते. आणखी एक गोष्ट म्हणजे झोप. दिवसभरातील अनुभव पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो. तुमच्या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी. रात्री डोळ्यांवर पडणारा पडद्याचा निळसर प्रकाश मेलॅटोनिन या संप्रेरकाच्या स्रवण्यात अडथळा आणतो, आणि उत्कंठेमुळे मनही जागेच राहते.

मग मालिका पाहूच नये काय? तसे मुळीच नाही. आवडती गोष्ट पाहणे ही चांगली विश्रांती आहे. फक्त थांबण्याची जागा तुम्ही निवडा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा. भागाच्या शेवटी थांबणे सर्वांत कठीण असते. म्हणून भागाच्या मध्यावर, आधीचा पेच सुटल्यावर आणि नवा सुरू होण्यापूर्वी थांबून पाहा.

शिक्षकांच्या मदतीने वर्गातही एक प्रयोग करता येईल. एखाद्या गोष्टीची सहा प्रकरणे निम्म्या वर्गाने एका दिवसात वाचावीत, उरलेल्यांनी रोज एक. वाचन संपल्यापासून दोन्ही गटांना दुसऱ्या दिवशी आणि एक महिन्याने तेच दहा प्रश्न विचारा व गुण फळ्यावर मांडा. निकाल काहीही लागो, तो तुमचा स्वतःचा असेल. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री इतिहासाचे सारे पुस्तक एका बैठकीत संपवायला बसाल, तेव्हा त्या फळ्यावरचे आकडे जरूर आठवा!